टाकायची नळी

रक्त काढणारी माणसं पुष्कळ असतात. पण आपण सुई टोचतो म्हणजे समोरच्यावर उपकारच करतो, असं तोंड करून बसणारा माणूस त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एकच होता. खिडकीजवळची खुर्ची त्याची. तिथे उजेड बरा यायचा आणि पंख्याचा वारा थेट यायचा, म्हणून ती त्यानं नोकरीला लागल्या लागल्या बळकावली होती. त्यानंतर तिच्यावर दुसऱ्या कुणी बूड टेकलेलं कुणाला आठवत नाही.

त्याला सगळे एकटोच्या म्हणायचे. कसलाही हात पुढे येवो, लठ्ठ, सुरकुतलेला, गारठलेला, हा पट्टा बांधणार, दोन बोटांनी चाचपणार आणि एका टोच्यात शीर पकडणार. हातात कसब होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण माणसाच्या अंगी एखादं कसब असलं की तो इतका असह्य का व्हावा, हे त्याच्याकडे बघून कळायचं नाही. आलेल्या माणसाशी तो धड बोलायचा नाही. कुणी "दुखेल का?" विचारलं, तर वर न बघता म्हणायचा, "दुखायला तुम्ही आधी जागे तर राहा." बाई घाबरून डोळे मिटून बसली, तर शेजारच्या खुर्चीकडे बघून डोळा मारायचा. शिरा नीट नसणं हा त्याच्या लेखी माणसाच्या वळणाचाच दोष होता.

शेजारच्या खुर्चीवर एक पोक्त बाई बसायच्या. त्यांना एका हातात दोन-तीनदा टोचावं लागायचं, म्हणून यानं त्यांचं नाव चाळणी ठेवलं होतं. "तिकडे गेलात तर हाताची चाळणी होईल," असं तो रांगेतल्या लोकांना मोठ्यानं सांगायचा. बाईंच्या कानावर ते रोज पडायचं. त्या बिचाऱ्या प्रत्येक टोच्याआधी "माफ करा हं" म्हणायच्या, आणि हा त्याचीही नक्कल करायचा.

घरी त्याचा हा टेंभा मिरवून घ्यायला एक हक्काचा माणूस होता, तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. तिथे दिवसभर बसून तो काड्या वाकवायचा, इवले स्क्रू घट्ट करायचा, आणि समोर माणूस आला की आधी त्याच्या नाकाचं हाड बघायचा. बोलायला भिडस्त. कुणी पैसे बुडवले तरी "जाऊ द्या, त्यांना तरी नीट दिसतंय ना" म्हणणारा. एकटोच्याला असली माणसं मनापासून भिकार वाटायची. पण हेच येडं आल्यागेल्याला सांगायचं, "रक्त द्यायचं असेल तर आमच्या भावजींकडे जा. एका टोच्यात काम!" एकटोच्या हे नाव त्यानंच काढलेलं. एकटोच्या त्याला तोंडावर बावळट म्हणायचा आणि त्यानं केलेलं कौतुक मात्र पदकासारखं छातीवर लावून हिंडायचा.

या मेव्हण्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर, नखाखाली, काळा पट्टा उमटला. दारात बोट चेंगरलं असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. नख फाटलं, रक्त यायला लागलं, तेव्हा बहिणीनं धरून डॉक्टरांकडे नेलं. तो त्वचेचा कॅन्सर निघाला, काळ्या पेशींचा, वाईट जातीचा. अंगठा मुळापासून कापला. ड्रेसिंग सुटायच्या आत एकटोच्यानं जेवणाच्या ताटावर विनोद केला, "चला, आता तू अंगठेबहाद्दरसुद्धा राहिला नाहीस!" मेव्हणा हसला. त्याला हसावंच लागायचं. बायको, जी बालवाडीत शिकवायची आणि दिवसभर लहान मुलांना 'असं बोलू नये' सांगायची, ती नवऱ्याला काही न बोलता उठून आत गेली.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर नवी तपासणी सुरू झाली. तिथल्या तपासनीस बाई खाली आल्या. किडकिडीत, गळ्यात भिंगाचा चष्मा लोंबकळलेला. एकटोच्यानं तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं, भिंगवाली. त्यांनी खालच्या सगळ्यांना जमवून समजावलं. हा त्वचेचा कॅन्सर कापून काढला, तरी त्यातल्या काही पेशी आधीच सुटून रक्तात भटकत असू शकतात. कोट्यवधी रक्तपेशींमध्ये अशा दोन-चार. वरचं मशीन रक्त गाळतं, संशयित पेशींना रंग लावतं, मग बाई त्या एकेक करून बघतात. सापडल्या, तर आजार अंगात फिरतोय असा संशय धरायचा.

"आणि एक गोष्ट फार महत्त्वाची," बाई म्हणाल्या. "सुई कातडीतून जाताना कातडीच्या पेशी सोबत घेऊन जाते. कातडीला रंग देणाऱ्या चांगल्या पेशीही त्यात असतात. त्या पहिल्या रक्तात उतरतात आणि आम्हाला कॅन्सरच्या भटक्या पेशींसारख्याच दिसू शकतात. म्हणून सुई न काढता आधी पांढऱ्या झाकणाची नळी भरायची आणि ती टाकून द्यायची. जांभळ्या झाकणाची त्यानंतर. ती वर पाठवायची."

चाळणीबाईंनी दोनदा विचारून घेतलं. एकटोच्यानं जांभई दिली. नियमाचा कागद भिंतीवर चिकटला, तेव्हा तो त्याखाली उभा राहून म्हणाला, "ज्यांची सुई कातडीत नांगरासारखी फिरते ना, त्यांच्यासाठी आहे हे. माझ्या सुईला कातडी चिकटत नाही." आणि वर बसून भिंगातून बघणाऱ्या कुणा बाईनं आपल्याला सुईची अक्कल शिकवावी, हे त्याला इतकं झोंबलं की त्या कागदाकडे त्यानं पुन्हा ढुंकून पाहिलं नाही.

त्यानं नळी टाकणं सोडलं नाही, तेवढा तो धूर्त होता. कचऱ्याच्या डब्यात पांढरी नळी दिसायला हवी. फक्त त्यानं क्रम उलटा केला. पहिल्या धारेचं रक्त जोरात येतं, ते जांभळीत. उरलंसुरलं पांढरीत, आणि पांढरी डब्यात. रक्त ते रक्त, पहिलं काय नि दुसरं काय! समोरच्या माणसाला काय कळतंय? असा हा माणूस होता. चूक करणारे परवडतात, चुकीला आपली हुशारी समजणारे नाहीत.

मेव्हण्याचं रक्त काढायची वेळ आली, तेव्हा तो चाळणीबाईंची रिकामी खुर्ची सोडून भावजींच्या रांगेत तासभर बसला. हात पुढे केला आणि नेहमीच्या सवयीनं वाकून, नाकावरचा चष्मा सावरत, सुईकडे टक लावून बघत राहिला. त्याला बारीक कामाचं वेड. सुई आत गेली, जांभळी भरली, मग पांढरी.

"कळलंही नाही, भावजी!" तो म्हणाला. "ही दुसरी टाकायची का?"

"तुझ्या रक्ताचं आणखी काय करायचं? लोणचं घालू?"

मेव्हणा हसला आणि लंगडत गेला.

रिपोर्ट आला. स्कॅन स्वच्छ होता, गाठी नव्हत्या, पण रक्तात संशयित पेशी होत्या. मोठ्या डॉक्टरांनी मेव्हण्याला आणि त्याच्या बहिणीला समोर बसवून सांगितलं, "ही तपासणी नवी आहे. एवढ्यावरून खात्रीनं काही म्हणता येत नाही. पण पेशी दिसल्यात, तेव्हा वाट बघत बसण्यापेक्षा औषध सुरू करावं असं आमचं मत आहे. त्रास होईल." मेव्हण्यानं बहिणीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं सही केली.

त्या संध्याकाळी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. एकटोच्या मात्र चवीनं जेवला. दुःख त्यालाही झालं असेल, पण शेखीपुढे त्याचं काही चाललं नाही. बायकोला म्हणाला, "बरं झालं माझ्याकडे आला. नमुना चोख होता म्हणून सापडल्या पेशी. चाळणीच्या हातचा असता, तर निसटल्या असत्या."

औषध सलाईनमधून जायचं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग अंगभर खाज सुटली, मग पोट बिघडलं, असं बिघडलं की चष्मेवाला दुकानात बसायचा बंद झाला. जिन्याखालच्या खोबणीला कुलूप लागलं. पोट आवरायला डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, तर तोंड सुजलं आणि हातांची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली. नुसता दाराला हात लागला तरी जांभळे डाग उठायचे. सलाईनच्या सुयांनी शिरा एकामागून एक बसत गेल्या. बहीण बालवाडीतून परस्पर भावाकडे जायची, त्याचे कपडे धुवायची, पेज भरवायची. तो तिला म्हणायचा, "ताई, वेळीच सापडलं हे नशीब. भावजींचे उपकार."

तिनं हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं ते मान्य केलं.

पुढे एक दिवस भिंगवाली पुन्हा खाली आली. भिंतीवर तिनं एक चित्र टाकलं, काळ्या पार्श्वभूमीवर दोन हिरवट ठिपके. "यातली एक कॅन्सरची भटकी पेशी आहे," ती म्हणाली. "दुसरी चांगली. सुईच्या तोंडाला लागून कातडीतून आलेली. ओळखा."

कुणालाच ओळखता येईना. चाळणीबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मलाही खात्री देता येत नाही," भिंगवाली म्हणाली. "म्हणून तर पहिली नळी टाकायची. ही दुसरी पेशी पहिल्या नळीतून मुद्दाम शोधून काढली. माणूस धडधाकट, त्याला कसलाही आजार नाही."

एकटोच्या मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता. त्यानं पाय आवळले. ते हिरवट ठिपके बघताना त्याला कांद्याच्या सालीसारखे झालेले दोन हात दिसले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाची नक्कल सुचेना.

आता तरी यानं उठून सांगावं की नाही? सांगायला एक वाक्य लागत होतं. 'मी नळ्या उलट्या भरल्या.' त्या एका वाक्यात मेव्हण्याचं औषध थांबलं असतं, निदान पुन्हा तपासणी झाली असती. याच्या जिभेला एरवी हाड नव्हतं, पण त्या दिवशी याला ते एक वाक्य जड गेलं. मूग गिळून बसला. घरी जाताना त्यानं स्वतःची समजूत घातली. पेशी खऱ्याही असतील, कुणी सांगावं? मग औषध बंद करून उलट त्याचाच जीव जायचा. आपण गप्प बसतोय ते त्याच्या भल्यासाठीच. भेकड माणसाला दुसऱ्याचं भलं असं ऐन वेळी बरं आठवतं.

एवढंच त्यानं केलं की दुसऱ्या दिवसापासून पांढरी नळी आधी भरायला लागला. कुणाला न सांगता, कुणाच्या नजरेत न येता. झालं, मिटलं, असं त्याला वाटलं. आणि तिथेच हा शहाणा सापडला.

भिंगवाली काही दिवसांनी त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. रांग संपली होती. पलीकडे चाळणीबाई टेबल पुसत होत्या.

"तुमच्याकडचं रक्त एकदम स्वच्छ यायला लागलंय," ती म्हणाली.

"माझ्याकडचं नेहमीच स्वच्छ असतं."

"नाही. आधी तुमच्या खुर्चीवरून आलेल्या कितीतरी जणांच्या रक्तात पेशी सापडायच्या. या बाईंच्या खुर्चीवरून क्वचित. मला वाटायचं, योगायोग असेल. आता अचानक तुमच्याही खुर्चीवरून क्वचित. मशीन तेच, रंग तोच, बघणारी मीच. मग बदललं काय?"

"मला काय विचारता? तुमचं मशीन तुम्ही बघा!"

"तुम्ही नळीचा क्रम बदललात का?"

"आधी भरली काय नि मागून भरली काय, रक्त एकाच माणसाचं ना?" तो उसळला, आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर तोंड तसंच उघडं ठेवून बसला. टेबलावरचं फडकं थांबलं. चाळणीबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत जी तुच्छता होती ती यानं आजवर फक्त दुसऱ्यांना दाखवली होती, स्वतः कधी चाखली नव्हती.

ठरलं असं, की ज्यांचं रक्त यानं त्या काळात काढलं होतं त्या सगळ्यांना परत बोलवायचं आणि तोवर त्यांचं औषध थांबवायचं. एकटोच्या भिंगवालीच्या मागे जिन्यापर्यंत गेला. आवाज साजूक तुपातला.

"बाई, माझा सख्खा मेव्हणा आहे त्यात. मशीन बिघडलं होतं, असं सांगितलं तर चालेल का?"

"मशीन बिघडलं नव्हतं," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मग मशीन बिघडल्याचं यानंच घरी सांगितलं. बायको हातातली कणीक तशीच ठेवून ऐकत राहिली. "म्हणजे इतके दिवस त्याला उगाच..." तिच्याच्यानं पुढे बोलवेना. "कसली माणसं असतात ही! एकाच्या निष्काळजीपणापायी दुसऱ्याचे हाल हाल!" एकटोच्या म्हणाला, "अगं, यंत्रच ते." आणि वर भिंगवालीला चार शिव्याही घातल्या.

मेव्हणा आला तो बहिणीच्या खांद्यावर हात टाकून. सुजलेला पाय चपलेत मावत नव्हता. चाळणीबाई उठून पुढे झाल्या, "या, मी काढते." पण तो नको म्हणाला. "राग मानू नका, बाई. आमचे भावजी आहेत ना." भिंगवाली भिंतीशी उभी होती. तिच्या देखरेखीखालीच रक्त काढायचं, असं वरून बजावलं होतं.

एकटोच्यानं पट्टा बांधला. दोन बोटांनी चाचपलं. हाताला काही लागेना. त्यानं मनगट पाहिलं, तळहाताची मागची बाजू पाहिली, दुसरा हात घेतला. टोचलं. रक्त आलं नाही, कातडीखाली निळा फुगा मात्र आला. पुन्हा टोचलं. शीर सुईच्या तोंडाशी येऊन घरंगळली. कपाळावरचा घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

"माझंच चुकलं, भावजी," मेव्हणा कळ दाबत म्हणाला. "सकाळपासून पाणी कमी प्यालो. तुम्ही घ्या सावकाश."

खरं म्हणजे एखाद्या माणसानं इथेच जमिनीत शिरायला हवं होतं. याला तेवढी लाज नव्हती, त्यानं नुसता पट्टा सोडून पुन्हा बांधला. तिसऱ्यांदा कोपराच्या आतल्या अंगाला सुई कशीबशी बसली. त्यानं पांढऱ्या झाकणाची नळी लावली, ती भरली, ती डब्यात टाकली. मग जांभळी लावली.

मेव्हणा नेहमीसारखा वाकून बघत होता. चष्मा सुजलेल्या नाकावर रुतला होता. त्याच्या कपाळाला आठी पडली, कुतूहलाची, एखाद्या फ्रेमचा स्क्रू भलत्या भोकात दिसावा तशी.

"भावजी, या वेळी उलटं केलंत का?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. "गेल्या वेळी जांभळी आधी भरली होती. पांढरी मागून. मी विचारलंही होतं, ही दुसरी टाकायची का, तर तुम्ही म्हणालात, लोणचं घालू?"

बहीण भिंतीवरच्या कागदाखालीच उभी होती. तिनं तो वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बालवाडीतल्या मुलांना वाचून दाखवावा तसा ओठ हलवत. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मशीन बिघडलं होतं ना?" ती म्हणाली.

एकटोच्यानं तोंड उघडलं. त्याला वाटलं, भिंगवाली काहीतरी बोलेल. ती जांभळ्या नळीकडे बघत होती. मेव्हण्यानं आधी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग आपल्या हातावरच्या निळ्या फुग्यांकडे. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावून भावजींकडे नीट पाहिलं. यानं सुई काढली. कापूस बहिणीनं याच्या हातातून घेतला आणि स्वतः भावाच्या कोपरावर दाबून धरला.

रक्त स्वच्छ निघालं. औषध बंद झालं. पोट सुधारायला लागलं, तोंडाची सूज उतरली, खोबणीचं कुलूप निघालं. शिरा मात्र परत आल्या नाहीत. हे सगळं एकटोच्याला घरी कुणी सांगितलं नाही. हॉस्पिटलात चारजण बोलत होते, त्यांच्यामागे उभं राहून त्यानं ऐकलं.

त्याची नोकरी गेली नाही. अशा माणसांची जात नाही. या तपासणीचं रक्त तेवढं आता चाळणीबाईच काढतील, असा हुकूम निघाला. बाकीचं सगळं रक्त अजून तो काढतो, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसून. मेव्हणा दर काही महिन्यांनी तपासणीला येतो. साखर, लिव्हर वगैरेचं रक्तही त्याच दिवशी द्यायचं असतं, आणि त्यासाठी एकटोच्याकडे जायला काही हरकत नाही, असं नर्स दर वेळी सांगते. मेव्हणा मान डोलावतो आणि चाळणीबाईंच्या रांगेत जाऊन बसतो. बाई तीन-तीनदा टोचतात, प्रत्येक वेळी "माफ करा हं" म्हणतात, आणि तो म्हणतो, "चालू द्या, बाई, काही घाई नाही." खिडकीजवळच्या खुर्चीसमोर तेव्हा कुणीही बसलेलं नसतं.